बर्डीवरची खोली

आमच्या मुर्री गावात कोणाला नागपूरला मुक्कामाला जायचं असलं, की तो तिकिटाच्या आधी चैनलालला गाठतो. कोणाचा दवाखाना असतो, कोणाच्या पोरीची परीक्षा, कोणाची लग्नाची खरेदी. खोली चैनलालनंच सांगायची. उमेदीच्या वयात तो गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये होता आणि पट्टे, बेअरिंग आणायला सारखा नागपूरला जायचा. मिल सुटली, तो शेतीत रमला, पण लॉजचं ज्ञान काही गंजलं नाही.

मी त्याचा शेजारी, मधे एकच भिंत. त्यामुळे त्याला नावं ठेवायचा पहिला हक्क माझा. पण या एका बाबतीत गडी पक्का आहे. मोबाईलवरच्या फोटोंवर तो काडीचा विश्वास ठेवत नाही. "फोटोत सारेच नवरदेव दिसतेत," म्हणतो. खोलीत शिरला की आधी नळ सोडून बघतो, मग उशी उचलून बघतो. आणि त्याही आधी लॉजखालच्या चहावाल्याशी दोन शब्द बोलतो. ज्या लॉजचे लोक चहा प्यायला खाली उतरताना हसतमुख असतात, तो लॉज चांगला, असा त्याचा हिशेब.

एवढा हा जाणता माणूस, पण स्वतःच्या बायकोला त्यानं एकदाही लॉज दाखवला नव्हता. कारण नागपुरात त्याची मोठी बहीण राहते, पुष्पाबाई. हुडकेश्वरकडे तिचं घर आहे. बहिणीचं घर असताना भाड्याच्या खोलीत उतरणं म्हणजे आमच्याकडे बहिणीच्या तोंडावर दार लावण्यासारखं. म्हणून नागपूर म्हटलं की मुक्काम पुष्पाबाईकडे. घर माणसांनी भरलेलं, जीव लावणारं. फक्त तिथून शहर गाठायचं तर अर्धी सकाळ ऑटोत जाते, आणि बायकांची तर उरलेली अर्धीही स्वयंपाकात.

यंदा धान निघाल्यावर पोरांनी नागपूरचा हट्ट धरला. टिकेशला मेट्रोत बसायचं होतं, रिंकीला नागपूरच्या भर बाजारात, बर्डीवर, कपडे घ्यायचे होते. चैनलाल अंगणात जाहीर करून मोकळा झाला, "चाला, पुष्पाबाईकडं दोन दिवस जाऊ." राजकुमारीवहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "तुमी जा पोरायले घेऊन. मी नाही येत."

"काऊन?"

"नागपूरले गेली का मी बाईच्या रांधनखोलीत, आली का आपल्या रांधनखोलीत. मधातलं नागपूर मी पायलंच नाही. तुमी साऱ्या गावाले खोल्या पाहून देता. मले एक पाहून देता का?"

भिंतीपलीकडून मी हे ऐकलं आणि खरं सांगतो, मला चैनलालची गंमत वाटली नाही, वहिनींचं वाईट वाटलं. वीस-बावीस वर्षांच्या संसारात बाईनं मागून मागून मागितलं काय, तर दोन दिवस बसायला जागा.

चैनलालला ते लागलं असावं. त्यानं जुन्या ओळखी काढल्या, फोनवर फोन केले आणि बर्डीवरच खोली मिळवली. मेट्रोचं स्टेशन जवळ, बाजार पायाखाली, महाराजबाग चालत जाण्यासारखी, आणि भाडं आपल्यासारख्याला झेपेल असं. मॅनेजर जुना ओळखीचा. तो म्हणाला, "भैया, पीछे वाला कमरा ले लो, रोड का आवाज नहीं आता." वहिनींनी पुढचीच खोली मागितली. त्यांना आवाजच ऐकायचा होता. पुष्पाबाईला मात्र काही कळवायचं नाही असं ठरलं.

आता इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण आमच्यात नवा तांदूळ घरी आला की पहिली पिशवी लेकीबहिणीकडे जाते. ती दिल्याशिवाय चैनलालच्या घशाखाली नवा भात उतरत नाही. नागपूरला जायचं आणि बहिणीला तांदूळ न देता यायचं, हे त्याच्यानं होणार नव्हतं. बायकोच्या बांगड्या-साड्यांच्या पिशवीखाली त्यानं चिन्नोरची, म्हणजे आमच्याकडच्या वासाच्या तांदळाची, पिशवी लपवून नेली. लपवणार काय, चिन्नोरच तो! रेल्वेचा सगळा डबा वासानं दरवळला. वहिनींनी ओळखलं आणि वरची साड्यांची पिशवी नीट सारखी केली.

पुढचं मी वहिनींकडून ऐकलेलं सांगतो, कारण चैनलालच्या सांगण्यात त्याची चूक कुठेच नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो "आलोच" म्हणून निघाला आणि थेट बहिणीच्या दारात. सोंग असं की आत्ताच गाडीतून उतरलो, एकटाच आलो, तांदूळ दिला की संध्याकाळच्या गाडीनं परत. पुष्पाबाईनं भावाला वरपासून खालपर्यंत बघितलं. न्हालेले केस नीट विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. पोहे पुढे केले तर म्हणतो, पोट भरलं आहे. या घरातले पोहे चैनलालनं जन्मात कधी नाकारले नव्हते.

"गाडीत आंघोळ कराची सोय झाली काय रे आताशा?" पुष्पाबाईनं विचारलं.

झालं. गड्यानं पाच मिनिटांत सगळं ओकलं. पुष्पाबाईनं पायात चपला सरकवल्या. "चाल. कोनत्या लॉजात हायेत पोरं, दाखव मले. सामान घेऊन येऊ."

इकडे खोलीत वहिनी न्हाऊन केस मोकळे सोडून पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. पोरं खिडकीतून मेट्रो मोजत होती. दार उघडलं आणि समोर नणंद. मागे चैनलाल, मान खाली.

वहिनी उठल्या, पदर घेतला, पाया पडल्या.

"काऊन वो राजकुमारी? माह्या घरचं छप्पर उडालं काय, म्हनून इथं येऊन राहिली?" पुष्पाबाईचा आवाज चढला, पण डोळ्यांत पाणी होतं. तिला खरंच लागलं होतं, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं. चैनलालनं मुकाट्यानं बॅग उचलली.

"ठेवा ते," वहिनी म्हणाल्या.

नवऱ्याला त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. बॅग खाली आली.

"बाई, तुमच्या घरी कायचीच कमी नाही," वहिनी म्हणाल्या. "पन तिथं आली का तुमी एकट्या राबता आन् मी बसून राहीन, असं माह्यानं होत नाही. मंग मीबी उठतो. मले या डाव दोन दिवस नुसतं बसाचं होतं. राग करा, पन मी येत नाही."

तेवढ्यात दार वाजलं. वहिनींनी आधीच सांगितलेला चहा मॅनेजर स्वतः घेऊन आला होता. वहिनींनी एक कप नणंदेच्या हातात दिला. पुष्पाबाई रागातच पलंगाच्या कडेवर टेकली. एक घोट घेतला, मग दुसरा.

"कोनं केला?"

"मले नाही मालूम, बाई."

पुष्पाबाई कपाकडे बघत राहिली. कप रिकामा झाल्यावर तो कुठे विसळायचा म्हणून तिनं इकडेतिकडे पाहिलं. "राहू द्या, ते नेतेत," वहिनी म्हणाल्या. तेव्हा तिनं कप खाली ठेवला आणि पाय वर घेतले.

"मेट्रोत मीबी नाही बसली अजून," ती म्हणाली. "घरातले सारे जाऊन आले."

तिचा फोन वाजला. घरून तिचे मालक, भैय्यालाल. फोनवरचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. जेवायला केव्हा येतेस, पाहुण्यांचा स्वयंपाक किती माणसांचा धरायचा?

पुष्पाबाईनं भावजयीकडे बघितलं. वहिनींनी पलंगावर सरकून जागा केली.

"आज तुमचं तुमी पाहून घ्या," पुष्पाबाई फोनवर म्हणाली. "मी भावजयीच्या घरी पाहुनी आली हावो. उद्या येईन."

चैनलाल आणखी एक गादी मागायला खाली गेला.