कॉम्प्युटर रूममधला पाट

"आत पाणी सापडलं का, तेवढंच सांगा ताई. बाकी रिपेरीचं नंतर बघू."

मी अजून कॅबिनेटचा एक स्क्रूही काढला नव्हता, आणि मॅनेजर तानाजीराव माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. कवठे महांकाळच्या बाहेर बेदाण्याचं एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथली ही गोष्ट. मी कॉम्प्युटर हार्डवेअरची कामं करते. मशीन चालू का होत नाही हे शोधायला मला बोलावलंय, असा माझा समज होता. तानाजीरावांना मशीनपेक्षा गुन्हेगार हवा होता. तो त्यांनी ठरवूनही ठेवला होता.

गुन्हेगार बाहेर पायरीवर बसली होती. रेश्मा, इथली ऑपरेटर. उजवं कोपर सुजलेलं, त्यावर हळद लावलेली. दसऱ्यानंतर कामाच्या पहिल्याच सकाळी ती मशीन चालू करायला गेली, शॉक बसून मागे फेकली गेली आणि पडता पडता तिच्या हाताने टेबलावरचा पूजेचा तांब्या लवंडला. मशीन तेव्हापासून बंद. तानाजीरावांचा हिशोब सोपा होता. तांब्यातलं पाणी मशीनमध्ये गेलं, मशीन मेलं, रेश्माने मारलं. आत पाणी सापडलं की तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचं. तिच्या जागेवर घ्यायचा माणूसही बघून ठेवला होता म्हणे.

म्हणजे माझ्या स्क्रूड्रायव्हरवर एका बाईची नोकरी टांगलेली, आणि मला ते असं चहा पिता पिता सांगितलं जात होतं.

मशीन म्हणजे जुनं वर्कस्टेशन. साध्या कॉम्प्युटरचा दणकट थोरला भाऊ म्हणा. लोखंडी पत्र्याचा भला मोठा डबा, कुठल्यातरी कंपनीने टाकून दिलेला, अण्णांनी सेकंडहॅंड आणलेला. अण्णा म्हणजे मालक, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. चेंबरचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फक्त ह्याच डब्यावर चालतं, नव्या मशीनवर चालत नाही. म्हणून त्याचे एवढे लाड.

डबा आतल्या कॉम्प्युटर रूममधून उचलून बाहेर ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवला होता. त्याची केबल आतच राहिलेली. मी माझ्या बॅगेतली केबल काढली, ऑफिसच्या बोर्डात लावली आणि खटका दाबला.

खट्!

ऑफिसची लाईट गेली. पंखा गरगरत थांबला.

"घ्या!" तानाजीराव म्हणाले. "आता ऑफिसबी घालवलं."

"ऑफिस गेलं नाही, एमसीबी पडलाय." एमसीबी म्हणजे बोर्डातला तो छोटा खटका, जो काही गडबड झाली की आपण होऊन पडतो आणि वीज तोडतो. "त्याने त्याचं काम केलंय. वीज डब्याच्या पत्र्यावर आलीय."

मी प्लग काढला, एमसीबी वर केला आणि एसएमपीएस सोडवायला घेतला. भिंतीतली वीज मशीनला पचेल अशी करून देणारा हा डब्यातला डबा. तो खोलायचा नसतो, सरळ बदलायचा असतो. मी खोलला, कारण मला फक्त दुरुस्ती करायची नव्हती, उत्तर हवं होतं.

आत डाग होता. ओघळ वाळलेला, सर्किटवरून थेट पत्र्यापर्यंत गेलेला.

"बघा!" तानाजीराव जवळजवळ ओरडले. "पाणी! मी सांगत हुतो का न्हाई?"

पायरीवरून रेश्माने मान वर केली.

मी टॉर्च जवळ नेला आणि मला मुंग्या दिसल्या. बारीक लाल मुंग्या, ओघळाच्या कडेने ओळीत मेलेल्या. मधे नारळाच्या शेंडीचा एक केस आणि कुंकवाची पुटं.

"तानाजीराव, तांब्यात साखरेचं पाणी होतं का?"

"आं? साधं पाणी. नळाचं."

"साध्या नळाच्या पाण्याला मुंग्या लागतात तुमच्याकडं?"

पायरीवरून पहिल्यांदाच आवाज आला. "खंडेनवमीला नारळ फोडला हुता की."

"तू गप गं!"

"कुणी फोडला म्हणून इचारताय? मीच फोडला." अण्णा दारात उभे होते. पांढरी मिशी, कडक इस्त्री. "दरसाल फोडतो. कंप्रेसर, काटा, कम्प्युटर, सगळ्याला हळदकुंकू, सगळ्याला हार. नारळ दगडावर फोडायचा आन् पाणी मशीनला दाखवायचं."

"दाखवायचं की ओतायचं, अण्णा?"

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "औंदा नारळ लय पाण्याचा निघाला."

माझी पूजेला हरकत नाही. हे मी लिहून ठेवते, कारण लगेच कुणीतरी विचारणार. माझ्या स्वतःच्या टूलकिटलाही खंडेनवमीला कुंकू लागतं. पण ज्याच्या पाठीला जाळी आहे आणि जाळीच्या आत वीज आहे, त्याच्यावर ओतायचं काहीच नसतं. तीर्थही नाही.

तर रेश्मा सुटली. एवढ्यावर मी नवा एसएमपीएस बसवून निघाले असते. पण एक प्रश्न डोक्यात अडकून बसला. इथे बाहेर खटका दाबल्याबरोबर एमसीबी पडला. मग आत, रेश्माने मशीन चालू केलं त्या सकाळी, तो का पडला नाही?

मी आतल्या खोलीकडे निघाले. तानाजीराव आडवे आले.

"चप्पल बाहेर, ताई. आत यमाईचा फोटो हाय."

औंधची यमाई अण्णांचं कुलदैवत. फोटो कॉम्प्युटरच्या बरोबर वर. म्हणून त्या खोलीत कुणी चप्पल घालून जात नाही. रेश्मासुद्धा दिवसभर अनवाणी. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. मी चप्पल काढली नाही. तानाजीरावांचं तोंड वाकडं झालं, होऊ दे.

टेबलाखाली वाकून मशीनची जुनी केबल भिंतीतून ओढली. प्लग हातात घेऊन टॉर्चखाली धरला.

प्लगला दोनच पिना होत्या. वरची तिसरी, जाड पिन पक्कडीने तोडलेली.

ती जाड पिन कशाला असते? वीज चुकून पत्र्यावर आलीच, तर तिने जमिनीत उतरावं म्हणून असते. ह्याला अर्थिंग म्हणतात. वाट असली की वीज त्या वाटेने जाते आणि एमसीबी पडतो. वाट तोडली की वीज पत्र्यावर दबा धरून बसते. मग जो पहिला हात लावील, तोच तिची वाट.

"पिन कुणी तोडली?"

"ह्या खोलीतला बोर्ड जुना हाय, दोन भोकाचा," तानाजीराव म्हणाले. "बसंना. मग वायरमननं तोडली. सगळीकडं तोडत्यात की."

"आणि शॉक कधीपासून लागतोय?"

"तसा शॉक न्हाई. झिणझिण्या."

"व्हय, झिणझिण्याच," रेश्मा दारातून म्हणाली. "पयल्यापास्नं. डब्याला हात टेकला की मुंग्या आल्यावानी. मी सांगितलं हुतं मॅनेजरना. मग त्यांनी पाट दिला."

"काय दिला?"

"पाट. लाकडी. पाय त्यावर ठिवून बसायचं. मग लागत न्हाई." ती इतक्या साधेपणाने बोलली, जणू पंखा किंवा खुर्ची मिळाली होती. "खंडेनवमीला पूजा मांडायला पाट नेला. तलवार, नट आवळायचे पाने, पक्कड ठेवायला. परत आला न्हाई. त्या दिवशी मी खालीच उभी हुते."

मी तानाजीरावांकडे पाहिलं.

"सोय केली हुती तिची," ते म्हणाले. अगदी मनापासून. त्यांना त्यात काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं.

आमचा एक छोटा गट आहे. बेदाण्याच्या शेडवर काम करणाऱ्या बायकांसाठी आम्ही पत्रकं काढतो, बाजाराच्या दिवशी एसटी स्टॅंडवर वाटतो. 'मालकाला माहीत नसतं, त्याला सांगा' असं एक वाक्य मी त्यात बऱ्याचदा लिहिलंय. त्या दिवशी ते खोटं ठरलं. इथे माहीत होतं! पत्र्यात वीज उतरते हे माहीत होतं, म्हणून तर पाट दिला. पत्रा तसाच ठेवला आणि बाईखाली लाकूड सरकवलं.

अण्णांना मात्र पटेना. "झिणझिण्यांनी माणूस मरत न्हाई, पोरी. फौजेत जनरेटरवर आमी लय झिणझिण्या खाल्ल्या."

"आवं अण्णा, नारळाआधी झिणझिण्या होत्या. नारळानंतर काय आहे ते दाखवते."

मी जुना एसएमपीएस परत डब्यात बसवला, डबा आत आणला, तीच तुटक्या पिनेची केबल लावली. सगळ्यांना लांब उभं केलं. होल्डरला बल्ब लावून दोन वायरी काढल्या. एक डब्याच्या पत्र्याला बांधली, दुसरी खिडकीबाहेरून आलेल्या नळाच्या लोखंडी पाइपला. मग भिंतीवरचा खटका दाबला.

बल्ब पेटला. लुकलुकला नाही, चांगला पेटला. मशीन मेलेलं, पंखा बंद, एक दिवा नाही, आणि त्या मेलेल्या डब्याच्या पत्र्यावर बल्ब जळतोय. एमसीबी ढिम्म.

"पाइपाच्या जागी रेश्मा होती," मी म्हणाले. "ओल्या फरशीवर. अनवाणी."

अण्णा बल्बकडे बघत राहिले. खटका मीच बंद केला. अण्णा खुर्चीत बसायला गेले आणि खुर्ची लोखंडी आहे हे बघून पुन्हा उभे राहिले.

"तान्या," ते हळू आवाजात म्हणाले, "पाट तू दिलास?"

"आवं, म्हणली लागतंय, म्हणून—"

"मला का सांगितलं न्हाईस?"

"मशीन चालू हुतं की अण्णा."

मी नवा एसएमपीएस बसवला. बीप आला, पंखा फिरला, स्क्रीन उजळली. हे सगळं बाहेरच्या ऑफिसात, तीन पिनांच्या केबलवर. आत न्यायला मी नकार दिला. तानाजीराव म्हणाले, तुमचं काम मशीन चालू करायचं, झालं की. मी म्हटलं, झालं, आणि बंद करायचंही मला येतं. वायरमनला बोलावलं. अर्थिंग ऑफिसच्या बोर्डापर्यंत आलेलंच होतं, भिंतीच्या अलीकडे. पलीकडे न्यायला एक भोक आणि हिरव्या वायरचा तुकडा लागला. चहा निवायच्या आत काम झालं. एवढ्यासाठी! एवढ्यासाठी ती बाई पाटावर पाय ठेवून बसत होती.

अण्णा पायरीपाशी गेले. "रेश्मा, तुझी चूक न्हाई. उद्या ये कामाला."

"येते," रेश्मा म्हणाली. "पर चप्पल घालून आत बसणार."

अण्णा अडखळले. बल्ब पेटल्यावर अडखळले नव्हते तेवढे. फोटोकडे पाहिलं, तिच्या कोपराकडे पाहिलं. मग स्वतः स्टुलावर चढून यमाईचा फोटो उतरवला आणि बाहेर ऑफिसात, तानाजीरावांच्या खुर्चीच्या बरोबर वर टांगला.

"आता तू बस अनवाणी," ते तानाजीरावांना म्हणाले.

मशीन अजून चालू आहे. पूजेला नेलेला पाट देवघरातच राहिला. पत्रकातलं ते वाक्य मी खोडलं. त्या जागी एवढंच लिहिलं: शॉक लागतो ही तक्रार रेश्माने पहिल्यापासून केली, पण दुरुस्तीसाठी फोन आला तो कॉम्प्युटर बंद पडल्यावर.