भूलवाले सर आणि झेनॉन

भूलवाले सर भूल देण्याआधी प्रत्येक पेशंटला स्वतःचं नाव तीनदा सांगायचे, आणि तरीही ते कुणाच्या लक्षात राहायचं नाही. नाशिकच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. एकदा पिंपळगावचा एक बागायतदार हर्निया बरा झाल्यावर द्राक्षांची पेटी घेऊन आला आणि सरांच्याच हातात देऊन म्हणाला, "एवढं त्या आपरेशनवाल्या डॉक्टरांना द्या. लय उपकार हायेत त्यांचे." सरांनी पेटी सर्जनच्या टेबलावर नेऊन ठेवली. मीच चिडले. तर म्हणाले, "सिस्टर, मी लक्षात राहिलो तर काहीतरी चुकलं असं समजायचं."

एरवी ते फारसं बोलत नसत. झेनॉनचा विषय निघाला की मात्र थांबत नसत. तरुणपणी जर्मनीत शिकताना त्यांनी हा वायू भूल द्यायला वापरला होता. "फुग्यातल्या हेलियमचाच भाऊबंद. रक्तदाब फारसा ढळू देत नाही, आणि बंद केला की पेशंट हाक मारल्यासारखा जागा होतो." हवेत तो कोटीत जेमतेम एक भाग, म्हणून भयंकर महाग. आमच्याकडे कुठला यायला! प्राणवायू तुटल्यावर मेंदूची होणारी हानीही तो थोडी रोखू शकेल, असं ते सांगत आणि लगेच जोडत, "शकेल, हं. अजून सिद्ध नाही."

त्यांच्या पत्नी, आमच्या सगळ्यांच्या बाई, शाळेत भूगोल शिकवायच्या. एका सकाळी वर्गातच कोसळल्या. बंद पडलेलं हृदय ॲम्ब्युलन्समध्ये पुन्हा सुरू झालं, पण तोवर मेंदूचा प्राणवायू बराच वेळ तुटला होता. सर आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून मुंबई, पुणे, दिल्ली, जमेल तिथे फोन लावत होते. "झेनॉन आहे का तुमच्याकडे? द्यायची सोय आहे?" कुठेच नव्हता. बाई जगल्या, पण सरांना ओळखेनात. दोन वर्षं सर रोज दुपारी घरी जाऊन त्यांना भरवत. पहिला घास देण्याआधी आपलं नाव सांगत. मग बाई गेल्या.

सरांनी काम सोडल्यावर वर्षभराने मी त्यांच्या गंगापूर रोडवरच्या घरी गेले. टीपॉयवर वैद्यकीय मासिकांचा ढीग होता. वरचा अंक उघडाच होता.

"झेनॉनचं काही नवीन?" मी विचारलं.

"आशा दिसते म्हणतात. अजून अभ्यास चालू आहेत."

"चांगलंच की, सर!"

"चांगलंच." त्यांनी चष्मा काढून पुसला. "सिस्टर, प्रत्येक अंक उघडताना मी मनात म्हणतो, याचा काही उपयोग नाही असं निघू दे. म्हणजे त्या दिवशी तो मिळाला असता तरी ती तशीच राहिली असती. किती माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि मी डॉक्टर असून असलं मागतो."

"कुणाला बोललात हे?"

"कुणाला बोलणार?"

इतकी वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहिले होते. निघायची वेळ टळून गेली होती. पर्स उचलली, तसे ते एकदम म्हणाले, "चहा टाकू? बसा ना थोडं."

मी घरी फोन लावला. सांगितलं, मला यायला उशीर होईल, जेवून घ्या.