सव्विसावं पाखरू

मी भित्रा माणूस नव्हतो. आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. एकदा मोहफुलं वेचताना अस्वल समोर आलं, तेव्हाही मी जागेवर उभा राहून बोंब मारली, पळालो नाही. अन् या वयात मुठीएवढ्या पाखरानं मला असं घाबरवलं की दिवसाढवळ्या दार लावून बसलो. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. जसं घडलं तसं लिहितो.

घरात बटेरी बायकोनं आणल्या. बचत गटाच्या बायांसोबत ती कुठंतरी शिकायला गेली अन् येताना खोक्यात चिवचिव करणारी पिल्लं घेऊन आली.

मी म्हटलं, "गावातल्या कोंबड्या मेल्या का, हे चिमण्या घेऊन आली तू?"

ती म्हणाली, "कोंबडी सहा महिने बसून खाते, मग अंडं देते. हे दीड-दोन महिन्यात देते. तुमच्यापेक्षा लवकर कामाले लागते."

बैल विकल्यापासून कोठा रिकामाच होता. तिनं त्याला जाळी लावून घेतली, खाली धानाचा कोंडा पसरला अन् वर टिनाच्या खाली आपली एक जुनी साडी चारी कोपऱ्यांना ताणून बांधली. बटेर घाबरली की पळत नाही, सरळ वर उडते. टिनावर डोकं आपटलं की खेळ खतम. साडी असली की झोळीत पडल्यासारखी पडते अन् खाली येते. हे तिला कोणी शिकवलं की तिचं तिनंच काढलं, मी कधी विचारलं नाही.

बटेर आपल्या अंड्यावर बसत नाही, एवढी बेफिकीर जात. खुडूक बसलेल्या देशी कोंबडीखाली बायको ती ठिपक्याठिपक्यांची अंडी ठेवायची. अंगठ्याएवढी पिल्लं निघाली की कोंबडी मान वाकडी करून पाहत राहायची, आपल्या पोटी हे काय आलं म्हणून. माद्या अंड्यांसाठी ठेवायची, जास्तीचे नर मुलगी माहेरी आली की रस्स्यात जायचे. कापायची तीच. मला म्हणायची, "तुम्ही फक्त खा."

पोळा झाला अन् तिला ताप आला. गोंदियाला नेली, चार दिवसांनी झाकून आणली. मागे सव्वीस बटेरी राहिल्या.

मुलगी मुर्रीला दिलेली आहे. तेरवीनंतर जाताना म्हणाली, "बाबा, काऊन ठेवता जी हे पाखरं? तुमचंच तुम्हाले होत नाही. कापून खा, नाहीतर देऊन टाका कोणाले."

मी म्हटलं, "तिनं सव्वीस ठेवले. सव्वीसच राहतीन."

तिनं आईच्या साड्या नातलग बायांना वाटल्या अन् गेली. घरात बायकोचं एकही कापड उरलं नाही, एक सोडून. टिनाखालचं.

मी ती साडी सोडून आणली. कोंड्याचा अन् विष्ठेचा वास येत होता, तरी उशाशी घेतली. पाखरांचं मनातच आलं नाही. दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी गल्लीतून ट्रॅक्टर फाटफाट करत गेला अन् कोठ्यात धाड धाड आवाज झाला. धावत गेलो तर एक मादी कोंड्यावर पडली होती, मान लोंबत होती. बाकीच्या भिंतीला चिकटून बसल्या होत्या. मी त्याच दुपारी साडी परत बांधली. मेलेली पपईच्या झाडाखाली पुरली. मुलीला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही.

पंचवीस. रोज सकाळी दाणा टाकताना मोजायचो, पंचवीसच भरायच्या.

मग उशिरा पिकणाऱ्या भारी धानाची कापणी आली. आम्ही धानाची बांधी चारी बाजूंनी कापत आत येतो. मधात शेवटचा तुकडा उभा राहतो अन् शेतातले सारे लावे, उंदीर, कधी ससा, त्या तुकड्यात येऊन दडतात. मग माणसं घेर करतात, खांद्यावरचे दुपट्टे टाकतात, अन् ज्याच्या हाती जे लागलं ते त्याचं. आमच्या शेतात बायको असेपर्यंत हे झालं नाही. शेवटच्या तुकड्यापाशी ती विळा घेऊन आडवी उभी राहायची. कोपऱ्यातलं मूठभर धान तसंच उभं ठेवायची अन् आतल्या पाखरांना म्हणायची, "जा व माय, निघून जा." बाया हसायच्या. मीही हसायचो.

या वर्षी आडवं कोणी नव्हतं. मी सारं कापलं, कोपराही. शेवटी फडफड झाली अन् माझा दुपट्टा माझ्या आधी पडला. खाली लावा होता. रानचा लावा अन् घरची बटेर दिसायला सख्ख्या बहिणी. मी त्याला दुपट्ट्यात गुंडाळून घरी आणलं अन् कोठ्यात सोडलं. मोजले. सव्वीस भरले. त्या दिवशी मी पोटभर जेवलो, खोटं कशाला बोलू.

समोर माझा लहानपणचा सोबती राहतो. कापणीला तोही होता. आठ-दहा दिवसांनी चहा पिताना म्हणाला, "काऊन गा, त्या दिवशी दुपट्ट्यात का लपवून नेलं? लावा का?"

"हो."

"एकट्यानंच खाल्ला? मले रस्साही नाही?"

"खाल्ला नाही. बटेरीत सोडला."

त्यानं कप खाली ठेवला. "बुढ्या, डोकं फिरलं का तुझं? रानचं पाखरू घरात ठेवून राहिला? फॉरेस्टवाल्याले समजलं तर? ते का हुडकत बसतीन, कोणता तुझा अन् कोणता रानचा? सारेच उचलतीन. संगं तुले."

"मले म्हाताऱ्याले नेऊन का करतीन?"

"जेलात आयता भात भेटते. तुले बरंच आहे. नाहीतरी घरी कोण रांधते तुले?"

तो हसला, मीही हसलो. पण चहा तसाच ठेवून उठलो. जेलाचं भय नव्हतं. डोळ्यासमोर एकच दिसत होतं, जीपमध्ये ठेवलेली टोपली अन् जाळीतून निघालेल्या तिच्या बटेरींच्या चोची.

त्यानंतर फटफटी वाजली की मी दार लावून घ्यायचो. एका सकाळी फटफटी दारापाशीच थांबली. खाकी कपडे. नवीन आलेला फॉरेस्ट गार्ड, पोरसवदा, बाहेरगावचा.

"काका, तुम्ही बटेर पाळता ना? अंडे भेटतील का?"

मी मान हलवली.

"आज घाई आहे. उद्या सकाळी आरामात येतो. पाखरंच पाहून घेतो. बायको म्हणते, आपणही चार-पाच पाळू."

फटफटी गेली. मला बाकी काही ऐकू आलं नव्हतं. पाखरंच पाहून घेतो, एवढंच कानात राहिलं.

मी कोठ्यात शिरलो अन् जाळीचं दार आतून लावलं. लावा शोधायचा होता. एकेक बटेर पकडून उजेडात धरली. छातीवर ठिपके, साऱ्यांच्याच. पाठीवर पट्टे, साऱ्यांच्याच. सुरुवातीला बाकीच्यांनी त्याला टोचलं होतं, डोक्याची पिसं गेली होती, पण तशा टोचलेल्या चौघी निघाल्या. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू. ती असती तर दारातून सांगितलं असतं. ही रागीट, ही आळशी, ही पाणी सांडणारी, अन् हा परका. मी एवढे दिवस दाणा टाकला अन् फक्त मोजलं. एकीचंही तोंड पाहिलं नव्हतं.

अंदाजानं एक सोडून द्यावी, तर? चुकीची सोडली तर तिची बटेर जाईल. तिला रानाचं काही माहीत नाही, संध्याकाळच्या आत शिक्रा नाहीतर मांजर खाईल. अन् रानचा घरातच राहील, उद्या गार्डच्या हाताखाली. एकेक धरता धरता दुपार कलली.

कोपऱ्यात तिचा जर्मनचा गंज, दाण्याचं पातेलं, उपडा पडला होता. ती दाणा टाकण्याआधी चमच्यानं गंज वाजवायची. दोनदा पटपट, मग थांबून एकदा. मी कधी वाजवला नाही, दाणा फेकला अन् निघालो. आता गंज घेतला अन् वाजवला. कोणी हललं नाही. आणखी वाजवला. नुसत्या माना वर झाल्या.

मग आठवलं, ती बोलायचीही. मी कुंपणाकडे पाहून घेतलं, सोबती तर उभा नाही ना. अन् तिच्यासारखा बारीक आवाज काढून म्हटलं, "या व बायाहो, या, खाऊन घ्या."

कोंडा उडवत आल्या. माझ्या पायावर चढल्या. मला रडू आलं, पण मोजणं सोडलं नाही. तीनदा मोजल्या. पायाशी चोवीस. भिंतीपाशी दोन बसून होत्या.

दोन. एक रानचा. दुसरी तिची, आजारी की बहिरी की माझ्यावर रुसलेली, देव जाणे. रानचा असेल तो शेतात आपणच उडेल, म्हणून मी दोघांना पिशवीत घातलं अन् शेताकडे निघालो. सोबती ओट्यावरच होता.

"कुठं गा?"

"शेतात."

"पिशवीत का?"

"भाजी."

"तुझी भाजी चिवचिव करून राहिली."

मी थांबलो नाही.

बांधीत धानाची खुंटं उभी होती, मधात पेरलेली लाखोरी हिरवी झाली होती. मी त्या कोपऱ्यात गेलो जिथं ती मूठभर धान ठेवायची. यंदा तिथं आडोसा नव्हता, मीच ठेवला नव्हता. खाली बसलो अन् पिशवीचं तोंड उघडलं. भर्रकन एक निघाला, खुंटांच्या वरून सरळ रेषेत गेला अन् शेताच्या धुऱ्यापलीकडे पडला. दिसेनासा झाला.

दुसरी निघाली नाही.

मी वाट पाहिली. पिशवी हलतही नव्हती. वाटलं, गुदमरून मेली. दुसरीही माझ्याच हातानं. हात आत घालायची हिंमत होईना. सूर्य खाली चालला होता. शेवटी डोळे मिटून हात घातला. गरम होती. जिवंत होती. अन् तिच्या पोटाखाली गरमच काहीतरी गोल लागलं. अंडं. बटेर दुपार कलल्यावर अंडं देते, म्हणून बायको दिवेलागणीच्या आधी टोपली घेऊन फिरायची. या बयेला अंडं द्यायचं होतं, म्हणून गंज ऐकूनही उठली नाही. मी तिला छातीशी धरून घरी आणली, अंडं बंडीच्या खिशात.

सकाळी गार्ड आला. कोठ्यात वाकला अन् एक उचलली. उलटीपालटी करून पाहिली.

"काका, हे तर सेम लाव्यासारखं दिसते."

 "बटेर आहे जी," मी म्हटलं. "अंडे देते."

"अंडे तर लावाही देते, काका," तो हसला अन् तिला खाली सोडली. "तुम्ही दार काऊन लावून घेतलं?"

"थंडी आहे."

"किती आहेत साऱ्या?"

तोंडात सव्वीस आलंच होतं.

"पंचवीस," मी म्हटलं. "एक मेली. माझ्यानं मेली. ती साडी मी सोडली होती."

त्यानं वर पाहिलं. साडी कशाला, म्हणून विचारलं. मी सांगितलं, घाबरली की सरळ वर उडते. तो म्हणाला, काका, तुमचं डोकं चालते. मी म्हटलं, माझं नाही, तिचं. तो अंडी घेऊन गेला. कोंबडी खुडूक बसली की पिल्लं देईन म्हणून मी कबूल केलं.

मुलीलाही फोनवर सांगितलं, पंचवीस आहेत. ती म्हणाली, माहीत आहे जी बाबा, कापणीच्या आधी दिवाळीत आली, तेव्हा मी मोजल्या होत्या.

आता रोज गंज वाजवतो, बोलतोही. पण भय गेलं नाही. गल्लीत ट्रॅक्टर फाटफाटला की हातातलं टाकून कोठ्याकडे धावतो अन् आधी वर पाहतो, साडीच्या चारी गाठी जागेवर आहेत की नाही.