न पाहिलेल्या पोस्टाची पायरी

एखाद्या इमारतीला एकदाही न भेटता तिच्यावर आमच्या थोरल्या साडूंइतकं प्रेम केलेला माणूस सगळ्या आखातात दुसरा नसेल. इमारत इस्तंबूलची, तिथलं जुनं मोठं पोस्ट ऑफिस. साडू शारजातल्या अल नहदाचे, अकराव्या मजल्यावरचे. तीस वर्षं ते एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन होते, आणि त्या तीस वर्षांत त्यांनी टॉवरांची फक्त पार्किंगं आणि जिने काढले. दर्शनी भाग काढायला लंडनहून माणसं येत. आपण जिचं तळघर काढलं ती इमारत रस्त्यावरून दिसली की ते गाडीतून तिच्या पायाशी बोट दाखवत आणि म्हणत, "हे माझं." वर मान म्हणून करायचे नाहीत.

पोस्ट त्यांच्या आयुष्यात एका कार्डावरून आलं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या त्यांच्या पहिल्या ऑफिसात एक तुर्की इंजिनियर होता. नोकरी सोडताना त्याने टेबलावर टाचलेलं पिक्चर पोस्टकार्ड साडूंना देऊन टाकलं. टोकदार कमानी, निळ्या फरशांच्या पट्ट्या, दोन्ही कोपऱ्यांवर घुमट. साडूंना वाटलं मशीद असावी. ते पोस्ट ऑफिस आहे असं कळल्यावर ते दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं ताई, म्हणजे हिची मोठी बहीण, सांगते. त्या वेळी त्यांना मिरजेजवळच्या गावाहून पत्र यायला पंधरा दिवस लागत, आणि गावचं पोस्ट म्हणजे किराणा दुकानाच्या ओसरीवरची एक खुर्ची. पत्रासाठी कुणी घुमट बांधला, ही गोष्टच त्यांना झेपेना.

मग अल नहदाच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल गेलं. त्यावर त्या पोस्टाचे नकाशे काढायला ड्रॉइंग बोर्ड आला आणि कुटुंब सोफ्यावर ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलं. पाहुण्याला सोलकढीच्या आधी इतिहास मिळे. पॅरिसला शिकून आलेल्या देशी वास्तुरचनाकाराने आराखडा युरोपी ठेवला आणि अंगावर जुन्या तुर्की धाटणीच्या कमानी चढवल्या, आतल्या दालनावर काचेचं छत घातलं, हे सगळं आमटी निवेपर्यंत चाले. मी एकदा म्हटलं, "ऑटोमन साम्राज्याचे प्रांत एकेक करून हातचे जात होते आणि यांना राजवाड्याएवढं पोस्ट सुचत होतं. पत्र पाठवणार कुणाला होते?" साडूंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "प्रांत जातात हो साडूभाऊ. जिना राहतो." त्यांची मुलगी मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली, "बाबा, देअर आर थ्री-डी मॉडेल्स ऑनलाइन, यू नो." साडू म्हणाले, "असतील. त्यांनी पायरी मोजलीय का विचार."

पायरी हेच त्यांचं मूळ दुखणं. इमारतीची मापं कुठून आणायची? त्यांनी फोटोंतून मोजायची ठरवली. दारापुढच्या रुंद पायऱ्या फोटोत स्पष्ट दिसतात. एका पायरीची उंची कळली की खिडकी किती पायऱ्यांची, घुमट किती पायऱ्यांचा, असं करत सगळं पोस्ट उभं करता येतं. कंपनीच्या प्रत्येक जिन्यात पायरी पंधरा सेंटिमीटरची, म्हणून त्यांनी पंधरा धरली. पण धरलेलं माप त्यांना टोचत राही. त्यामुळे ईदच्या सुट्टीत इस्तंबूलला जाणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ते स्टीलची टेप आणि छापील फॉर्म देत. मंडळी परत येताना मिठाई आणत, गालिचा आणत, फॉर्म कोरा आणत. एका जोडप्याने माप आणलं, पण ते त्यांच्या हॉटेलच्या पायरीचं होतं. दुसऱ्याने टेप बायकोच्या गळ्यात हारासारखी घालून फोटो काढला. साडूंनी तोही फोटो फाइलला लावला.

आणि मी? दहा वर्षांपूर्वी मला ऑफिसच्या कामाने दोन दिवस जायला मिळालं. टेप हॉटेलच्या ड्रॉवरमध्येच राहिली. परतल्यावर त्यांनी विमानतळावरच विचारलं, आणि मी म्हणालो, "पंधरा. अगदी तुमच्या हिशोबाप्रमाणे." ते एवढे खूश झाले की पार्किंगचे पैसे न भरताच गाडी बाहेर काढायला निघाले. त्या दिवसापासून ते पेन्सिल सोडून शाईने काढू लागले.

गेल्या वर्षी कंपनीने त्यांना निवृत्तीची तारीख दिली. दोन महिने. निरोपसमारंभ त्याच आठवड्यात उरकला; त्यात व्यवस्थापकांनी 'कंपनीचा आधारस्तंभ' म्हणून एक काचेचा मनोरा हातात ठेवला. साडूंनी तो उलटा करून पाया बघितला. मुलीने मात्र इस्तंबूलचं तिकीट काढलं. आता व्हिसा हवा म्हणून मी त्यांना एजंटकडे घेऊन गेलो. काउंटरवरच्या हैदराबादी तरुणाने फाइल उघडली आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकाजी, ये नक्शा किसलिए?"

"बिल्डिंग देखने जा रहा हूँ. तो बिल्डिंग का नक्शा लगाया."

"सरकारी बिल्डिंग है! और आपने सारे एक्झिट मार्क किए हैं!"

"बेटा, एक्झिट मार्क किए बिना मैंने आज तक शीट बाहर नहीं छोड़ा."

प्रवासाच्या हेतूच्या रकान्यात त्यांनी 'पर्यटन' लिहिलं नव्हतं. 'एक पायरी मोजणे' असं स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं. तरुणाने नकाशे बाजूला काढले, रकाना बदलला, आणि मग पासपोर्टचं पान उलटून थांबला. इथला रहिवासाचा परवाना किमान सहा महिने शिल्लक हवा. साडूंचा दोन महिन्यांचा होता. "खलास, काकाजी. सॉरी." साडूंनी नकाशे गुंडाळले, रबर लावलं, त्याला "शुक्रिया" म्हटलं. गाडीत बसल्यावर म्हणाले, "काही बिघडलं नाही. तुम्ही मोजलीय ना."

त्या वाक्याने मला तीन रात्री झोपू दिलं नाही. चौथ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि हिला सांगितलं. ही म्हणाली, "दहा वर्षं खोटं बोललात? तेही पायरीबद्दल?"

व्हिसा हातात येताच इस्तंबूल गाठलं आणि पोस्टापुढे मी भर दुपारी गुडघ्यावर बसलो. पहारेकरी बघत होता, पर्यटक वळसा घालून जात होते. थाटामाटाच्या इमारतींची मी आयुष्यभर चेष्टा केली, पण या दगडाला हात लावताना मला कुणाच्या तरी घरी न सांगता आल्यासारखं वाटलं. तीन पायऱ्या मोजल्या. तिन्ही सतरा.

फोन लावला. आधी कबुली दिली, मग आकडा.  मला दिसत होत्या त्या शाईच्या शीटा, एकेक कमान, दहा वर्षांच्या शुक्रवारच्या दुपारी. सगळ्या बुटक्या.

"तीन ठिकाणी मोजलीत?"

"तीन ठिकाणी."

कॅल्क्युलेटरची बटणं वाजली. "म्हणजे एकूण उंची तीन मीटरने वाढते."  मग ज्या आवाजात माणसं नातवंडाची बातमी देतात त्या आवाजात ते म्हणाले, "अहो साडूभाऊ, मी समजत होतो त्याहून उंच आहे की हो ती!"

परवाना संपायच्या आत ते कायमचे मिरजेला गेले. सामानात जुन्या शीटा नव्हत्या. कोऱ्या कागदांची गुंडाळी होती. दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. ताई तक्रार करते की इथेही टेबल गेलं. जोतं झालंय, तळमजला झालाय, परवा पहिल्या मजल्याच्या खिडक्या सुरू केल्या. डोळा आता पूर्वीसारखा साथ देत नाही, एक कमान काढायला आठवडा लागतो, असं ते सहज सांगून जातात. मी म्हणतो, सावकाश काढा. घुमटापर्यंत पोचायची मला मुळीच घाई नाही.