नवव्या नळीतली रात्र

झरीच्या वरच्या पाड्यावर रूपी एकटीच राहायची. नवरा गेल्यावर तिने आठ शेळ्या वाढवल्या. शेळ्यांचं तिला इतकं कळायचं, की अडलेली शेळी सोडवायला आजूबाजूच्या पाड्यांवरून लोक तिला बोलवायला येत. दिवाळीच्या सुमारास दिवस आखूड झाले की तिच्या शेळ्या माजावर यायच्या. त्या वर्षी एकही आली नाही.

डोंगरापलीकडे कसलंसं मोठं काम सुरू झालं होतं. तिथल्या उंच खांबांवरचे दिवे रात्रभर जळत. उजेड थेट पाड्यावर पडत नसे. आभाळाला लागायचा आणि पांढुरका होऊन खाली उतरायचा. त्या उजेडात झाडांना सावली नसे. कोंबडे कधीही आरवत. रूपीच्या शेळ्या रवंथ सोडून उभ्या राहत, आठही जणी डोंगराकडे तोंड करून. हाक मारली तरी मान वळवत नसत.

तलासरीची रविना जनावरांची डॉक्टर झालेली. याच गोष्टीचा अभ्यास करत ती पाड्यावर आली. अंधार झाला की जनावराच्या अंगात एक द्रव्य वाढतं, त्यावरून त्याला ऋतू कळतो, असं तिने समजावलं. सुई टोचायची नव्हती. शेळीला कापसाचा बोळा चघळायला द्यायचा आणि नळीत बंद करायचा, एवढंच. मात्र ते भल्या पहाटे करायचं, आणि लाल दिव्यात, कारण पांढऱ्या उजेडात ते द्रव्य बनायचं थांबतं.

रूपीने आठ नळ्या भरल्या. मग एक बोळा तिने स्वतःच्या तोंडात धरला. कित्येक महिने तिलाही झोप नव्हती. ओट्यावर डोळे मिटून पडलं तरी पापण्यांच्या आत उजेड असायचा. त्या नळीवर तिने नऊचा आकडा घातला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

नळ्या तपासून पंधरा दिवसांनी रविना परत आली.

"मावशी, आठ शेळ्यांत रात्र थोडी तरी सापडते. नववीत नाहीच. दिवस संपलाय हे तिच्या अंगाला कळतच नाही. कुठली ती, दाखवा मला."

रूपीने पुढ्यातली शेळी बाजूला सारली. मग म्हणाली, "ती मीच, बाय."

रविनाने वही मिटली. शेळ्यांच्या तपासणीवरून माणसाचं सांगता येत नाही, डहाणूच्या दवाखान्यात चला, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. रूपीने नाही म्हणून मान हलवली. शेळ्यांना रात्र परत कशी द्यायची, तेवढंच तिने विचारलं.

दोघींनी मिळून गोठ्याच्या कारवीच्या काठ्यांच्या कुडाला शेणमातीचा जाड लेप दिला, फटींत पेंढा कोंबला, दारावर दुहेरी गोणपाट सोडलं. त्या रात्री रूपी आत गेली. स्वतःचा हातही दिसेना. शेळ्या बसल्या होत्या. ती त्यांचे श्वास मोजू लागली, तर ते नऊ भरले. नववा आपलाच आहे हे कळायला तिला फार वेळ लागला. तोवर भीतीने ती एका शेळीला टेकून बसली होती; तिथेच डोळा लागला, आणि उन्हं वर आल्यावर ती जागी झाली.

माघात तीन शेळ्या माजावर आल्या. नव्या बोळ्यांत रात्र भरपूर निघाली. रूपी मग आतच झोपू लागली.

एका संध्याकाळी शेजारचा काकड्या गोधडी घेऊन दाराशी येऊन उभा राहिला. रूपीने जरा सरकून जागा केली. होळीपर्यंत त्या गोठ्यात पाच माणसं झोपत होती. दिवसा त्याबद्दल कुणी बोलत नसे.