एका पायाचा पायजमा

बोंडअळीनं कापूस गेला, त्या वर्षी मंत्री पाहणीला येणार होते. हेलिपॅडवर वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा लावायचं काम माझ्याकडे, म्हणजे बांधकाम खात्यातल्या सगळ्यात नव्या इंजिनिअरकडे आलं. राजापेठेतल्या म्हाताऱ्या शिंप्यानं माझं चित्र उलटसुलट पाहिलं.

"साहेब, पायजम्याचा दुसरा पाय कुठी हाये?"

मी ऐटीत व्याख्यान दिलं. रुंद तोंडातून वारा शिरतो, अरुंद टोकातून निघतो. मोजा आडवा ताठला की वारा जोराचा.

त्यानं मान डोलावली आणि प्रत्येक शिवण दुहेरी घातली.

"एवढी मजबूत कशाला?"

"थे मंत्री खाली उतरले पायजे, साहेब. वरून वावर हिरवंच दिसते."

मंत्री उतरले आणि वावरात न जाता थेट विश्रामगृहात जेवायला गेले. मला शाबासकी मिळाली. मोजा मस्त फुगला होता, आणि त्याच्याहून जास्त मी.