शैला, तिचे घोडे आणि आम्ही

माणूस गेलं की घरातल्या वस्तू हळूहळू कमी होत जातात. साड्या वाटल्या जातात, चष्मा कपाटाच्या मागच्या कप्प्यात जातो, उरलेल्या गोळ्या केमिस्ट परत घेतो. वाढत जातात ते फक्त किस्से!

शैलाला जाऊन वर्ष होत आलं. भेटायला आलेला प्रत्येक जण एक किस्सा ठेवून गेला, वर म्हणाला, "तुम्हाला माहीत असेलच." निम्मे मला माहीत नव्हते! परवा सकाळी फिरून आल्यावर कट्ट्यावर तुम्हीच म्हणालात, "वहिनींचं एखादं सांगा की." आता एखादं सांगून कसं भागायचं?

नवीन मंडळींसाठी सांगतो. शैला माझी बायको. सरकारी कचेरीत टायपिस्ट, एका मुलीची आई, आणि रस्त्यात घोडा दिसला की जागच्या जागी थांबणारी बाई. मग बस चुको नाहीतर गॅसवरचं दूध उतू जावो. मी त्याच कचेरीत नकाशे काढायचो.

*

कचेरी सुटली की दारात दोन वाहनं उभी असायची. एक साहेबांची जीप आणि दुसरा शैलाचा टांगा!

आम्हाला वाटायचं, कुणा जहागीरदाराची मुलगी असणार. महिनाभर धीर गोळा करून मी विचारलं, "रोज टांग्यानं जाता?"

"वडील चालवतात," ती म्हणाली. "स्टेशनवरची शेवटची फेरी संपली की मला घेऊन जातात. तुम्हाला कुठे जायचंय?"

मला सदाशिव पेठेत जायचं होतं, म्हणजे टांग्याच्या बरोबर उलट्या दिशेला. मी म्हटलं, "तिकडेच."

मी चढलो आणि घोडा जो थांबला तो हलेचना. तिच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, चुचकारलं, लगाम झटकला. ढिम्म! शेवटी शैला खाली उतरली, त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, तेव्हा स्वारी निघाली.

"काय झालं होतं?" मी विचारलं.

"त्याला तुम्ही आवडला नाहीत."

"मग?"

"सवय होईल," ती समोर बघत म्हणाली. "मलाही होतेय."

*

आमच्या आईला मुलगी पसंत होती, मुलीच्या वडिलांचा धंदा पसंत नव्हता. शैला घरी आली तेव्हा आईनं आडपडदा ठेवलाच नाही.

"हे बघ, तू चांगली आहेस. पण उद्या लोक विचारतील, व्याही काय करतात? मी काय सांगायचं?"

मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं. शैलानं बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "सांगा, लोकांना घरी पोचवतात."

आईनं तिच्या बशीत आणखी पोहे वाढले. 

पुढे दादा थकले, टांगा सुटला, तरी आई त्यांची ओळख करून देताना हेच वाक्य म्हणायची. स्वतःचं असल्यासारखं!

*

लग्नात मला घोड्यावर बसवायचा हट्ट माझ्या मामाचा. कार्यालय पन्नास पावलांवर राहिलं आणि घोडी लंगडायला लागली. घोडीवाला म्हणे, नखरे करतेय. बँडवाल्यांनी जोर लावला. मी वर बसून बाशिंग सावरतोय!

तेवढ्यात कार्यालयाच्या दारातून शालू सावरत नवरीच बाहेर आली. मागे तिची आत्या ओरडतेय, "अगं, मुहूर्त!"

शैलानं आधी बँड बंद करवला. मग मला म्हणाली, "उतरा." तो माझ्या संसारातला पहिला हुकूम. मी उतरलो. तिनं घोडीचा पाय उचलून बघितला, तर नालेत चांगला बोराएवढा खडा अडकलेला! आजूबाजूला बघितलं आणि स्वागताच्या तबकातला अडकित्ता उचलला. दोन मिनिटांत खडा बाहेर.

पुढचं अंतर घोडी पुढे, तिच्याजवळ शैला आणि मागून मी, असे आम्ही कार्यालयात पोचलो. माझी मावशी कुणाला तरी म्हणाली, "आमच्यात नवरदेव नवरी न्यायला येतो. इथे नवरीच घ्यायला आलीय. बरंय, वेळ वाचला."

तो अडकित्ता नंतर परत तबकात गेला आणि सगळ्या वडीलधाऱ्या मंडळींची सुपारी त्यानंच कातरली गेली, हे मी आज पहिल्यांदाच सांगतोय!

*

ती माणसांनाही घोड्यांच्याच पद्धतीनं वागवायची. मी चिडलो की वाद घालायची नाही. जवळ येऊन मानेवर हात ठेवायची, थोपटायची आणि म्हणायची, "हो... हो... हो..."

मला त्याचा भयंकर राग यायचा. एकदा मुक्ता, आमची मुलगी, हे बघत बसली होती. तेव्हा ती असेल सात वर्षांची.

"पण बाबा," ती म्हणाली, "तुम्ही थांबता की!"

*

मुक्ता नववीत असताना तिनं जेवण सोडलं. विचारलं तर "भूक नाही." मी डॉक्टर सुचवला, आईनं दृष्ट काढली. शैला एवढंच म्हणाली, "खात नाही म्हणजे कुठेतरी दुखतंय. सांगत नाही म्हणजे घाबरलीय. दोन्हीला उपाय एकच."

सारसबागेजवळ मुलांना चक्कर मारून आणणारा एक घोडेवाला शैलाच्या ओळखीचा होता. तिनं मुक्ताला सलग तीन संध्याकाळी तिथे नेलं, हातात खरारा दिला, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश, आणि म्हणाली, "तू या बाजूनं घास, मी त्या बाजूनं घासते." बस्स! शाळेचं नाव नाही, जेवणाचं नाव नाही.

तिसऱ्या दिवशी मुक्ता घासता घासता रडायला लागली आणि घोड्याला सांगायला लागली. आईला नाही हं, घोड्याला! गणितात अकरा मार्क मिळालेत, आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच केलीय.

पलीकडून शैलाचा आवाज आला. तीही घोड्याशीच बोलत होती.

"तिला सांग, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. बाबांच्या सहीत काळेचा 'ळ' कधीच दिसत नाही. हिनं फार स्वच्छ काढलाय."

त्या संध्याकाळी मुक्तानं चार पोळ्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी मला न कळवता दोघी शाळेत जाऊन बाईंना सगळं सांगून आल्या. मला हे कळलं मुक्ताच्या लग्नात!

*

आता एक आश्चर्य सांगतो. जन्मभर घोड्यांत राहिलेली ही बाई पन्नाशीपर्यंत एकदाही घोड्यावर बसली नव्हती! टांग्याचा घोडा ओढण्याचा, बसण्याचा नव्हे. आणि दादा म्हणायचे, "दिवसभर चार माणसं ओढतो तो. संध्याकाळी पाचवं कशाला?"

मुक्ताला खराडीत नोकरी लागली. पहिला पगार झाला तशी तिनं आईचं नाव रायडिंगच्या क्लासमध्ये घातलं. बॅचमध्ये सगळी दहा-बारा वर्षांची मुलं आणि त्यांच्यात ही एक! मुलं पहिल्या दिवशी तिला "टीचर" म्हणून नमस्कार करून मोकळी झाली.

आमच्या आईला ऐंशी पूर्ण झाली होती. तिला काहीच सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. पण शैला चपला घालायला लागली तशी आतून आवाज आला, "हेल्मेट घाल गं. घरात डोकं एवढं एकच आहे."

"आणि मी?" मी विचारलं.

आईनं पेपर वर धरला.

पहिल्याच आठवड्यात शैला पडली. शिकवणारे लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार होते. ते धावत आले, तर ही मातीत बसून घोड्याला म्हणतेय, "माफ कर रे, माझंच चुकलं. टाच जोरात लागली." सुभेदारांनी सगळ्या मुलांना बोलावून रांगेत उभं केलं. "देखो," ते म्हणाले, "ऐसे गिरते हैं."

*

एका संध्याकाळी आमच्या सोसायटीसमोर वरातीतली घोडी नव्या सिमेंटच्या रस्त्यावर घसरली. गुडघा चांगलाच फाटला. डॉक्टरांनी येऊन टाके घातले आणि सांगितलं, दोन दिवस हलवू नका. शैलानं आमची स्कूटर बाहेर काढली आणि घोडी पार्किंगमध्ये आणून बांधली.

सेक्रेटरी साठे खाली आले. "वहिनी, पार्किंग फक्त सभासदांच्या वाहनांसाठी आहे."

"जागा आमची. उभं आहे ते वाहनच आहे."

"नंबर कुठाय?"

शैलानं पुठ्ठ्यावर 'ब-७' लिहिलं आणि घोडीच्या गळ्यात अडकवलं.

साठ्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. मीटिंग पार्किंगमध्येच भरली, कारण सगळी पोरं तिथेच होती. पोरांना आणायला बायका आल्या, बायकांना शोधत नवरे आले. ठराव राहिला बाजूला, गवत कुणी आणायचं याच्या पाळ्या लागल्या! दुसऱ्या दिवशी पहाटे मी दूध आणायला उतरलो, तर साठे पाठमोरे उभे. हातात सोललेलं गाजर! सोललेलं! मी आल्या पावली परत फिरलो.

घोडी गेल्यावर नोटीस बोर्डावर त्यांच्या अक्षरात कागद लागला: 'ब-७ यांच्या पार्किंगमधील वाहन बरे होऊन घरी गेले आहे. चौकशीसाठी सेक्रेटरींची बेल वाजवू नये.'

*

दोन वर्षांपूर्वी तिची पाठ दुखायला लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, हुशार होते. समोर रिपोर्ट धरून ते बराच वेळ "बघू या", "ट्रीटमेंट चांगली आहे", "पॉझिटिव्ह राहायचं" असं बोलत राहिले. मी मान डोलावत होतो. मुक्ता लिहून घेत होती.

शैला म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? मी घोडा असते, तर तुम्ही मालकाला काय सांगितलं असतं?"

डॉक्टरांनी रिपोर्ट मिटला. खुर्ची तिच्या बाजूला ओढून घेतली आणि सगळं खरं सांगितलं. मुक्ताचं पेन थांबलं. शैलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग वाकून डॉक्टरांचा हात थोपटला.

"चांगलं सांगितलंत," ती म्हणाली. "आता साखरेचा चहा चालेल ना?"

पाच वर्षं मी तिला बिनसाखरेचा चहा देत होतो. त्या दिवशी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ती दोन कप प्यायली. दुसऱ्या कपाला म्हणाली, "अहो, रडू नका. चहा खारट होतोय."

*

आता शेवटचं सांगतो, मग उठू.

क्लासमधली चांदणी नावाची म्हातारी घोडी मुळशीकडे एका शेतावर ठेवली होती. कामाची राहिली नव्हती. तिला सांभाळायला तुकाराममामा होते, तेही सत्तरीचे. शैला दर रविवारी तिकडे जायची. पुढे गाडीत बसवेना, तेव्हा दोघांनी युक्ती काढली. रविवारी सकाळी मामा फोन लावायचे, "ताई, धरतो हां," एवढं म्हणायचे आणि फोन सरळ घोडीच्या कानाला! पाच-दहा मिनिटं शैला बोलायची. काय बोलायची ते मला माहीत नाही. दार लावून घ्यायची.

शैला गेली तेव्हा मामा मुलीच्या बाळंतपणासाठी गावी गेले होते. त्यांना कुणी कळवलंच नाही. बाकी सगळ्यांना फोन मुक्तानं केले. मला ते वाक्य एकदाही उच्चारावं लागलं नव्हतं. लोक यायचे ते माहीत असूनच यायचे.

तेरावं होऊन गेलं. रविवारी सकाळी मी एकटा चहा घेत होतो आणि शैलाचा फोन वाजला. मी उचलला. 'हॅलो' म्हणायच्या आत पलीकडून घाईघाईत आवाज आला, "ताई, कालच आलो गावाहून. लई दिवस झालं. धरतो हां!"

"मामा, अहो मामा..." मी म्हणतोय, पण मामा तिथे नव्हतेच. फोन कानाला लागला होता. मोठा, संथ श्वास ऐकू येत होता. दाणा चावल्याचा आवाज येत होता.

फोन बंद करावा असं मनात आलं. पण ती ऐकायला उभी होती हो!

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं. आणि म्हटलं, "चांदणी, मी बोलतोय. शैला गेली गं. अठरा दिवस झाले."

एवढंच बोललो. चावल्याचा आवाज थांबला. नुसता श्वास येत राहिला.  किती वेळ गेला कुणास ठाऊक, समोरचा चहा पार गार झाला.

मग घोडीच्या कानाजवळूनच मामा फोनवर आले. खालच्या आवाजात बोलत होते.

"ताई, काय सांगितलं वो हिला आज? खायाची थांबलीय. मान खाली घालून हुबी हाय, आन् फोन काढू दीना मला!"